चारशे सतराची तार

आठ गिअरच्या सायकलीला मी नऊ गिअरचा खटका बसवला, त्यापायी घाटात आपटलो, आणि दोष दुसऱ्याच्या नावावर टाकला.

हे एकदा सांगून टाकलं की पुढचं सांगायला जरा सोपं जातं. ज्याच्या नावावर टाकला त्या माणसाला आमच्याकडे सगळे मिस्तरी म्हणत. देवळाली प्रवरेहून राहुरी फॅक्टरीकडे जाताना, उसाच्या ट्रॅक्टरांनी जिथला डांबरी रस्ता पार उखणून टाकलाय, त्या वळणावर त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. तुम्ही त्या रस्त्यानं गेला असाल तर तो माणूस तुम्हीही पाहिला असेल. दाराबाहेर उकिडवा बसलेला, डोळे मिटलेले आणि कान सायकलीच्या मागच्या चाकापाशी.

सायकल आली की ते आधी तिच्याकडे बघतच नसत. एका हातानं मागचं चाक उचलायचं, दुसऱ्या हातानं पायडल फिरवायचं आणि ऐकायचं. गिऱ्हाईक शेजारी उभं राहून काय झालं, कधी झालं, आधी कोणाला दाखवलं याची कथा लावत असे. ते हात वर करून त्याला थांबवायचे.

"आदी मोजू, मग बोलू."

मोजायचे ते व्हर्नियर कॅलिपरनं. खाकी कापडात गुंडाळलेला तो कॅलिपर त्यांनी फिटरकीच्या काळापासून सांभाळला होता. तीस वर्षं ते एका साखर कारखान्यात होते. चष्म्याच्या काड्या कानाला काचतात म्हणून त्यांनी काड्यांवर सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब चढवलेली. मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. अकरावीला दरवर्षी व्हर्नियरचं प्रॅक्टिकल माझ्याकडे असतं. पण ज्यानं व्हर्नियर खऱ्या कामाला वापरलाय असा माझ्या ओळखीत हा एकच माणूस. मी वापरतो तो मार्क द्यायला.

दुकानाच्या आत, डोक्यावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक जाड तार ताणलेली होती. तिच्यावर मोडके भाग लटकत. चिरलेला एक्सल, आटे गेलेला नट, वाकडं पायडल, फाटलेली ब्रेकची पट्टी. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात बारीक अक्षरात ४१७. नव्या माणसाला ते भंगार वाटे. तसं नव्हतं. ४१७ हा मिस्तरींचा कारखान्यातला बिल्ला नंबर. त्यांच्या वर्कशॉपात रीत अशी होती की हंगाम बंद असताना ज्यानं जे खोलून बसवलं, ते गाळप चालू असताना मोडलं तर त्याचा नंबर टाकून भिंतीवर टांगायचं. सगळ्यांनी येता-जाता बघावं म्हणून. बाकीचे फिटर त्या भिंतीला शिव्या घालत. मिस्तरी निवृत्त झाले आणि ती रीत घरी घेऊन आले. स्वतःच्या हातून जे जे बिघडलं, ते ते तारेवर.

"अहो, गिऱ्हाईक घाबरेल की," मी एकदा म्हणालो.

"घाबरलं तर सायकल हळू चालवील, सर. बरंच हाय."

तारेखाली एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत दुपारी पेपर वाचत त्यांच्या मिसेस बसत. त्या म्हणजे आमच्या बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला मला त्याच होत्या. माझे केस पांढरे झाले, मी सर झालो, पण बाईंच्या लेखी मी अजून पाटी विसरून आलेला मुलगा होतो. दुकानात मिस्तरी मला 'तुमी' म्हणत आणि बाई 'अरे तू', त्यामुळे तिथं माझं वय सारखं खालीवर व्हायचं.

मिस्तरी गिअर शिकले ते साठीनंतर. आपल्याकडे सायकल म्हणजे दुधाचे कॅन आणि गवताचे भारे वाहणारी, तिला कसले गिअर? पण इंजिनिअर, डॉक्टर, आमच्यासारखे पोट सुटलेले मास्तर रविवारचे सायकली घेऊन निघायला लागले, आणि आमच्या शाळा-कॉलेजातल्या बारा मुलींचा सायकलिंगचा संघ झाला. रोज सकाळी त्या पोरी दुकानावरून सरावाला जात. मिस्तरी हातातलं काम थांबवून त्या दिसेनाशा होईपर्यंत ऐकत बसत.

"सर, त्या पोरींच्या सायकली वरडत्यात," ते एकदा मला म्हणाले. "मला आइकू येतं. चौथी जी जाते ना, तिची साळखी रुंद हाय आन चकत्या बारीक. कोनीतरी याचं त्याला लावलंय. उतारावर एक दिस निसटंल."

साखळीला ते साळखी म्हणत. त्या बारा सायकली आपल्या हाताखाली याव्यात, एवढंच त्यांचं मागणं होतं. खेळाच्या सरांना त्यांनी दोनदा विचारलं होतं. राज्य स्पर्धा महिन्यावर आली होती, आणि खेळाचे सर जवळजवळ तयारही झाले होते. मध्ये मी कडमडलो नसतो तर.

माझी सायकल मी पुण्याच्या आतेभावाकडून जुनी घेतली होती. मागच्या चाकावर आठ चकत्या. मिस्तरींनी ती सगळी खोलून, पुसून, मोजून बसवली आणि निक्षून सांगितलं, "आठ हाय, आठच ऱ्हाऊ द्या." पण आमच्या रविवारच्या टोळीतल्या डॉक्टरांकडे नऊ होते. चढावर ते पुढे गेले की मला वाटे, हा त्या एका जादा गिअरचा परिणाम. माझ्या पोटाचा असेल ही शंका मला शिवली नाही. मी मोबाईलवरून नऊचा खटका मागवला. चकत्या आठच ठेवल्या. हँडलवर नऊ आकडे दिसले की झालं, असा माझा हिशेब.

आता यात चूक काय, ते सांगतो. हँडलवरचा खटका एक घर दाबला की केबल ठरावीक ओढली जाते, आणि मागे लोंबणारा डिरेलर साखळीला एका चकतीवरून पुढच्या चकतीवर ढकलतो. आठाच्या खटक्याचं घर मोठं असतं, नवाच्याचं लहान, कारण जवळजवळ तेवढ्याच जागेत त्याला एक चकती जास्त हिंडायची असते. त्यामुळे नऊचा खटका आठ चकत्यांना लावला की साखळी मधेच लटकते. ना या चकतीवर, ना त्या. हे मला कळायला हवं होतं. हे मोजमापच आहे, आणि मोजमाप शिकवण्याचा मी पगार घेतो.

शनिवारी दुपारी मी गॅलरीत बसून खटका बदलला. मोबाईलवर एक व्हिडिओ लावला होता, त्याची भाषा मला निम्मीच कळत होती. साखळी खडखडायला लागली. केबल सोडली, ओढली, परत आवळली. तरी खडखड. डिरेलरवर एक बारीक स्क्रू असतो, साखळी सगळ्यांत मोठ्या चकतीच्या पलीकडे जाऊ नये म्हणून. मिस्तरी त्याला कुंपण म्हणत. मला वाटलं, यानंच अडत असेल. तो मी दोन आटे सैल केला. चाक उचलून फिरवलं तर सगळं सुरळीत. मी बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "उचलून चालवणार आहात का?" मी दुर्लक्ष केलं.

रविवारी वांबोरीकडून डोंगरगणचा घाट चढत होतो. पुढे डॉक्टर, मागे खेळाचे सर. वळणावर चढ अंगावर आला, दम संपला, आणि मी सगळ्यांत हलक्या गिअरसाठी खटका दाबला. साखळी मोठ्या चकतीवर गेली. तिथं थांबली नाही. कुंपण मीच उघडलं होतं. ती पलीकडे, चकती आणि आऱ्यांच्या मधे पडली, डिरेलर तिच्याबरोबर आऱ्यांत ओढला गेला, आणि चाक जागच्या जागी अडकलं.

मी उजव्या अंगावर रस्त्याच्या मधोमध पडलो. मागून दुधाचा टेम्पो येत होता. ब्रेकचा आवाज ऐकला तेव्हा माझं तोंड त्याच बाजूला होतं. टेम्पो थांबला तेव्हा त्याच्या पुढच्या टायरची नक्षी मी मोजू शकलो असतो, एवढ्या जवळ.

ड्रायव्हर खाली उतरला. "मास्तर," तो म्हणाला, "सकाळ सकाळ आमालाच निवडलं व्हय?"

खेळाच्या सरांनी मला उठवून कडेला बसवलं. कोपर सोललं होतं, बाकी सगळं जागेवर होतं. मग त्यांनी सायकल पाहिली. दोन आरे तुटलेले, डिरेलर पिळून वर आलेला.

"हा गिअर कोणी बसवलाय?"

उत्तराला दोन क्षण होते माझ्याकडे. डॉक्टर बघत होते, ड्रायव्हर बघत होता.

"मिस्तरींनी," मी म्हणालो.

शब्दशः खोटं नव्हतं. मिस्तरींनी बसवलाच होता, माझ्या आधी. अर्धवट उत्तराला शून्य देणारा मास्तर म्हणून मुलं मला घाबरतात.

खेळाच्या सरांनी तुटलेल्या आऱ्यांवर बोट फिरवलं. मग डोकं हलवत म्हणाले, "बरं झालं आजच कळलं. परवा मुलींच्या सायकली टाकणार होतो त्यांच्याकडं. आता नगरलाच नेतो. येत्या शनिवारी."

तिथंच बोलायला हवं होतं. मी कोपरावर फुंकर मारत बसलो.

घरी आल्यावर माझ्या हातून जे झालं ते पडण्यापेक्षा वाईट. मिस्तरींचं दुकान रविवारी बंद, ते चर्चला गेलेले. तेवढ्या वेळात मी हँडलवरचा नऊचा खटका काढला आणि जुना, आठाचा परत बसवला. नवा रुमालात गुंडाळून बॅगेत टाकला. मग सोमवारी डोळ्यांत खूप दुःख आणून सायकल दुकानात घेऊन गेलो.

मिस्तरींनी सायकलीआधी माझ्याकडे पाहिलं. "सर, लागलं का?"

"थोडं."

ते चाकापाशी बसले. बराच वेळ बसले. ऐकायला काही नव्हतं, चाक फिरतच नव्हतं. स्क्रूवर पेचकस लावून त्यांनी हळूहळू फिरवलं, आटे मोजले. "दोन आटे सैल हाय," ते स्वतःशीच म्हणाले. मग केबलचं टोक चष्म्याजवळ नेलं, आणि तसंच धरून माझ्याकडे वळले.

"केबलीवर दोन जागी नटाचा चिमटा बसलेला दिसतोय. माजा एक. दुसरा कशाचा? तुमी खोललं हुतं का, सर?"

बाईंनी पेपर खाली केला. मला तो आवाज अजून ऐकू येतो, पेपर घडी होतानाचा.

"नाही," मी म्हणालो.

मिस्तरी माझ्याकडे पाहत राहिले. रागानं नाही. दोन मोजमापं जुळत नसली की ते व्हर्नियरकडे असंच बघत. मग त्यांनी केबल सोडून दिली.

"सर न्हाई म्हनत्यात म्हंजी न्हाई. मंग म्याच सैल सोडला."

त्यांनी वाकडा डिरेलर कापून काढला, फडक्यानं पुसला, पांढऱ्या रंगाची डबी उघडली आणि ब्रशनं ४१७ लिहिलं. चारातली रेघ हलली. त्यांच्या हातून हललेली रेघ मी पहिल्यांदाच पाहिली. स्टुलावर चढून त्यांनी तो तारेवर टांगला, बरोबर मधोमध.

"चुकलं, सर."

"असू द्या हो, मिस्तरी," मी म्हणालो. "माणूस आहे, चुकतो."

म्हणजे वर मी त्यांना माफही केलं.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत विसरतील. मंगळवारी डॉक्टर त्यांची सायकल घेऊन गेले तर मिस्तरी म्हणाले, "गिअरची घेत न्हाई मी आता. नगरला न्या." बुधवारी मी कॉलेजातून येताना ते मला कालव्याच्या रस्त्यावर भेटले. उन्हात, पायी, हातात पेचकस.

"कुठं निघालात?"

"गेल्या दोन-तीन म्हैन्यांत ज्या ज्या गिअरच्या सायकली केल्या, त्या बघत फिरतोय. सगळ्यांच्या घरी जाऊन. कुंपन सैल ऱ्हायलं आसंल तर आवळावं. बारा झाल्या, सात ऱ्हायल्या."

"एखादी निघाली सैल?"

"एक बी न्हाई." त्यांनी पेचकस या हातातून त्या हातात घेतला. "त्याचंच तर भ्या वाटतंय. चार सैल निगाल्या असत्या तर म्हनलो असतो, नजर कमी झाली, चष्मा बदलू. पर एकच सैल. तुमचीच. म्हंजी हात कवा चुकतोय ते हाताला बी कळंना. असल्या हातानं कसं काम करायचं, सर?"

बॅगेतला तो रुमाल माझ्या बरगडीला लागत होता. मी म्हणालो, "ऊन फार आहे, टोपी घाला." आणि निघून आलो.

गुरुवारी बाजारात मेथी घेताना बाई भेटल्या. "कोपर कसं आहे रे? रविवारच्या भक्तीत तुझ्यासाठी प्रार्थना ठेवायला सांगितलीय पाळकांना. यांनीच सांगितलं, नाव घेऊन करा म्हणून."

"बाई, कशाला एवढं."

"ते रात्री जेवत नाहीत. बसून हात बघतात." बाईंनी मेथीची जुडी उलटी करून देठं तपासली. "तुला काही सांगायचंय का रे मला?"

तिसरीत गृहपाठाची वही न आणता मी पोटात दुखतंय म्हणत असे, तेव्हा त्या अशाच आवाजात विचारत. मी तेव्हाही नाही म्हणायचो. आताही तेच म्हणालो.

शुक्रवारी मी आडमार्गानं सुटायचा प्रयत्न केला. खेळाच्या सरांना स्टाफरूममध्ये गाठलं आणि म्हणालो की मिस्तरींना एक संधी द्यावी, कोणाच्याही हातून होतं. खेळाचे सर खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझा खांदा दाबला. "सर, तुम्ही पडलात, मरता मरता वाचलात, आणि तुम्हीच रदबदली करताय. फार मोठं मन आहे तुमचं. पण पोरींचा जीव आहे, नाही जमणार." हे त्यांनी दोन-तीन जणांसमोर म्हटलं. दिवसभर लोक माझ्याकडे आदरानं बघत होते.

शनिवार उजाडला. आमचं कॉलेज आणि शाळा एकाच आवारात. पटांगणावर टेम्पो उभा होता, बारा सायकली एकीला एक टेकवून ठेवल्या होत्या, मुली दोऱ्या धरून उभ्या होत्या. मी वरच्या वर्गात निघालो होतो तेवढ्यात फाटकातून मिस्तरी येताना दिसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चर्चला जाताना घालतात तो. मागून बाई.

मी जिन्यावरून परत खाली आलो.

"सर, काम मागायला न्हाई आलो," मिस्तरी खेळाच्या सरांना म्हणत होते. "एवढंच सांगायला आलो, की नगरच्या मिस्तरीला सांगा, यातल्या तीन सायकलींत याचं त्याला लावलंय. ती निळी, तिची साळखी आठाची हाय आन चकत्या नऊ. त्या कडंच्या दोन..."

"मिस्तरी," खेळाच्या सरांनी त्यांना थांबवलं. आवाज चढवला नाही, तो माणूस तसा वाईट नाही. "तुमच्या हातच्या गिअरनं परवा माणूस टेम्पोखाली जात होता. आता तुम्ही दुसऱ्याला काय लावायचं ते सांगणार?"

निळ्या सायकलवाली खाली बघायला लागली.

मिस्तरींनी मान खाली घातली. "बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "तरी पन तीन सायकली तेवड्या..."

आणि ते वळले. बाईंनी त्यांच्या कोपराला धरलं. माझ्या आठवणीत बाईंनी त्यांना चारचौघांत हात लावलेला ती एकच वेळ.

मी काही शूर माणूस नाही. ते फाटकाच्या बाहेर गेले असते तर मी पुन्हा गप्प बसलो असतो, हे मला चांगलं माहीत आहे. म्हणून मी विचार करायच्या आधी बॅग उघडली. रुमालाची गाठ सुटेना. दातांनी सोडवली.

"मिस्तरी," मी म्हणालो, "हे बघा."

त्यांनी खटका हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. कानाशी नेला आणि पहिल्या घरापासून एकेक दाबत गेले. कट. कट. कट. अख्खं पटांगण ऐकत होतं. शेवटच्या घराला ते थांबले.

"नऊ," ते म्हणाले.

"मी बसवला होता. शनिवारी. पडल्यावर काढून टाकला, तुम्हाला दाखवायच्या आधी."

"आन स्क्रू?"

"तोही मीच."

"किती आटे?"

"दोन."

"दोन. बरोबर." त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला, खाकी कापड उलगडलं, आणि खटक्यातली केबलीची खाच एका घराला किती सरकते ते मोजलं. मोजायची काहीएक गरज नव्हती, मी कबूल केलं होतं. पण आधी मोजू, मग बोलू. मोजून झाल्यावर त्यांनी दोन्ही हात समोर धरले आणि पालथे-उताणे करून पाहिले, जसं आपण तेल धुऊन झाल्यावर बघतो.

"केबलीला दोन चिमटे हुते," ते बाईंना म्हणाले. "मला दिसले हुते."

"मी पण बघत होते तेव्हा," बाई म्हणाल्या. पण त्या चिमट्याकडे नव्हत्या बघत. माझ्याकडे बघत होत्या.

"म्हंजी डोळा बी चांगला हाय," मिस्तरी म्हणाले.

मला वाटलं होतं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा वर सारला, चर्चचा शर्ट घालून तिथंच मातीत उकिडवे बसले, आणि निळ्या सायकलीचं मागचं चाक उचललं. पायडल फिरवलं. डोळे मिटले. खेळाचे सर काहीतरी बोलायला गेले, तर मिस्तरींनी हात वर केला.

खेळाचे सर मग माझ्याकडे वळले. "आणि मी तुम्हाला मोठ्या मनाचे म्हणालो. सगळ्या स्टाफसमोर."

सायकलींमागून एक मुलगी, जी माझ्याच अकरावीच्या वर्गात होती, अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, सोमवारचं व्हर्नियरचं प्रॅक्टिकल तुम्हीच घेणार आहात ना?"

टेम्पो रिकामा गेला. बारा सायकली पोरींनी रांगेनं दुकानाकडे ढकलत नेल्या. पुढचे तीन आठवडे मिस्तरींनी दुसरं काही हातात घेतलं नाही. निळ्या सायकलीची साखळी बदलली, दोन सायकलींचे खटके बदलले, आणि प्रत्येकीचं कुंपण त्या त्या मुलीकडून आवळून घेतलं, म्हणजे तिला कळावं ते कुठं असतं. स्पर्धेत पोरी तिसऱ्या आल्या. परत आल्यावर दुकानापुढून गेल्या तेव्हा मिस्तरींनी मला हात करून थांबवलं. "आइका," ते म्हणाले. मी कान दिला. काहीच ऐकू आलं नाही. "त्येच," ते म्हणाले.

तारेवरचा वाकडा डिरेलर त्यांनी उतरवला. रॉकेलच्या फडक्यानं ४१७ पुसून टाकलं, आणि माझा खटका त्याच्याच गळ्यात तारेनं बांधला. मला वाटलं, आता माझं पूर्ण नाव लिहिणार, हुद्द्यासकट. मी तयारीनं उभा होतो. त्यांनी ब्रश बुडवला आणि एवढंच लिहिलं: सर, ९.

"गावात सर शंभर हायत," ते म्हणाले. "काय कळतंय कुनाला."

दुसऱ्या दिवशी खेळाचे सर तक्रार घेऊन आले की लोकांना वाटेल, ते सर म्हणजे खेळाचेच. मिस्तरी म्हणाले, "वाटू द्या. चार दिस तुमी बी सायकल हळू चालवा."

त्या रेघा मात्र सरळ आल्या होत्या, हे मी पाहिलं.

त्यानंतर तीन वर्षं मी त्या तारेखाली बसून चहा प्यालो. गेल्या नाताळाच्या आठवडाभर आधी मिस्तरी गेले. सकाळी दुकान उघडलं, एक सायकल उचलून चाक फिरवलं, आणि चाक फिरतं ठेवून खाली बसले ते उठले नाहीत. बाई म्हणतात, चाक बराच वेळ फिरत होतं, त्यांना हात लावून थांबवावं लागलं.

जागेचा मालक दुकान मागत होता, म्हणून बाईंनी परवा मला तार उतरवायला बोलावलं. मी स्टुलावर चढलो. सगळे भाग एकेक करून खाली दिले. बाई ते गोणपाटावर ओळीनं मांडत होत्या. चारशे सतरा, चारशे सतरा, चारशे सतरा. फेकायचे नव्हते. त्यांनी घरच्या ओसरीवर नवी तार बांधून घेतली होती. तिथं लावणार होत्या.

शेवटी मधला डिरेलर राहिला. गंजला होता, पण अक्षर स्पष्ट होतं.

"बाई," मी वरूनच म्हणालो, "हा एवढा मी घेऊन जाऊ का? बाकी सगळ्या चुका त्यांच्या आहेत. ही एकटीच चूक माझी."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुझी कसली," त्या म्हणाल्या. "आठ आणि नऊ कळत नसताना तुला तिसरीतून वर ढकलला, ती चूक माझी आहे. दे इकडं."